गोसीखुर्दचे पाणी, नवे पूल आणि आपली दुकानदारी

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील गोसीखुर्दचे नाव निघाले की चर्चा बहुधा तीन गोष्टींची होते : सिंचन किती झाले, खर्च किती वाढला आणि विस्थापितांना काय मिळाले. हे तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत व त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु या पानाचे बरेचसे वाचक दुकान, हातगाडी, गॅरेज, शिलाई मशीन आणि आठवडी बाजार यांवर संसार चालविणारे आहेत. धरणाने त्यांच्या आयुष्यात जो बदल केला तो कालव्यातून नव्हे, रस्त्यावरून आला. नदीच्या दोन्ही काठांवरील माणसे आता कोणत्या वाटेने जातात, कोठे थांबतात आणि कोणत्या गावी खरेदी करतात, हे गेल्या पंधरा-वीस वर्षांत बदलले आहे. गिऱ्हाईक कमी झाले अशी तक्रार अनेकजण करतात. पुष्कळदा गिऱ्हाईक कमी झालेले नसते. त्याची वाट बदललेली असते. ती वाट कशी ओळखावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पाणी अडले, रस्ते वळले

वैनगंगेवरील या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. त्याचे अधिकृत नाव इंदिरा सागर. धरणाची लांबी ११ किलोमीटरांहून अधिक असून त्याला ३३ दरवाजे आहेत. २००९ मध्ये केंद्र सरकारने हा राष्ट्रीय प्रकल्प म्हणून घोषित केला. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. पुढे तो अनेक पटींनी वाढला. जलाशयाची पूर्ण भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून २४५.५० मीटर धरलेली आहे.

हा शेवटचा आकडा व्यापाऱ्याने लक्षात ठेवावा. धरण पवनीच्या वरच्या अंगाला आहे आणि त्याचा फुगवटा, म्हणजे अडलेल्या पाण्याची मागे जाणारी पसर, थेट भंडारा शहराच्या जवळपास पोहोचते. या पट्ट्यातील अनेक गावे अंशतः किंवा पूर्णतः बाधित झाली. गावे नव्या गावठाणांत गेली. पूर्वी नदीकाठाने एका गावातून दुसऱ्या गावी बंडीने जाता येत असे, डोंग्याने पलीकडच्या तीरावरील सोयरे गाठता येत असत, ओढ्यातून उन्हाळ्यात पायवाट असे. या छोट्या वाटा कोणत्याही नकाशावर ठळक नव्हत्या, पण बांगडीवाला मणियार, कापडाचे गाठोडे घेऊन फिरणारा फेरीवाला, कल्हईवाला आणि पिंजारी यांचा धंदा त्याच वाटांवर चालत असे. पाणी आले तेव्हा त्या वाटा गेल्या. त्यांच्या जागी आले ते लांबचे पण पक्के रस्ते व पूल. वाटा अनेक होत्या, पूल मोजके आहेत. म्हणून जी वर्दळ पूर्वी वीस ठिकाणी विखुरलेली होती, ती आता दोन-चार ठिकाणी एकवटली आहे. या एका वाक्यात साऱ्या बदलाचे सार आहे.

पुलाचे तोंड म्हणजे नवा बाजार

सर्वांत ठळक उदाहरण अंभोऱ्याचे. नद्यांच्या संगमावरील हे तीर्थक्षेत्र नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यात आहे आणि समोरचा काठ भंडारा जिल्ह्याचा. पूर्वी समोरासमोरच्या गावांतील माणसाला नावेने जावे लागे, नाहीतर मोठा वळसा घ्यावा लागे. तारांनी तोललेला सुमारे ७०५ मीटर लांबीचा नवा पूल २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि कुही व भंडारा हे शेजारी तालुके खऱ्या अर्थाने शेजारी झाले.

पूल झाला म्हणजे व्यापार वाढला, असे सरसकट समजणे चुकीचे आहे. रस्ता नेहमी दोन्ही बाजूंनी चालतो. ज्या पुलावरून तुमचा माल पलीकडच्या गावात जातो, त्याच पुलावरून तुमचे गिऱ्हाईक मोठ्या शहराच्या बाजारात जाते. मोटारसायकलवर बसलेल्या तरुणाला ताशी पन्नासच्या वेगाने दुसरे दुकान गाठता येत असेल, तर त्याला तुमच्या दारात थांबविण्यासाठी काहीतरी कारण लागते. पूर्वी अंतर हेच ते कारण होते. आता ते राहिलेले नाही.

दुसरा महत्त्वाचा मार्ग निलज–पवनी–कारधा हा राष्ट्रीय महामार्ग २४७. भंडाऱ्याहून पवनीकडे निघालेला माणूस कारध्याला वैनगंगा ओलांडून पहेला, अड्याळमार्गे पवनीला पोहोचतो आणि पुढे निलजला नागपूर–उमरेड–नागभीड या मार्गाला मिळतो. पवनी आणि निलज यांच्या दरम्यान उमरेड-पवनी-करांडला अभयारण्याचे जंगल आहे, हे रात्रीच्या खेपा ठरविताना ध्यानात ठेवावे. भंडारा शहरातून जाणारा मुंबई–कोलकाता महामार्ग, ज्याला आपण सवयीने ‘सहा नंबर’ म्हणतो, तो आता ५३ क्रमांकाचा झाला आहे. या दोन मार्गांच्या वर्दळीचा स्वभाव अगदी वेगळा आहे. ५३ वरची बरीचशी वाहने रायपूरहून नागपूरला किंवा उलट जाणारी. त्यांना भंडाऱ्यात काही घ्यायचे नसते. २४७ वरची वाहने बहुतांशी जिल्ह्यातलीच. त्यांतला माणूस कोठेतरी उतरणारच असतो. पहिल्या वर्दळीवर टायर, वेल्डिंग, बॅटरी, चहा आणि जेवण यांची दुकाने चालतात. दुसरीवर कापड, बांगड्या, भांडी, चपला आणि किराणा. म्हणून शहराबाहेरून वळणरस्ता झाला की गॅरेजवाल्याने आपले बस्तान त्या रस्त्याकडे नेण्याचा विचार वेळीच करावा. कापडवाल्याने मात्र घाबरू नये. ट्रकांची गर्दी हटली तर गावातली बाई मुलाचा हात धरून रस्ता निर्धास्त ओलांडते, आणि त्याने दुकानदारी वाढते.

आभाळ स्वच्छ, तरी नदीला पूर

पावसाळ्यातील वाहतुकीचे गणित धरणाने पुरते बदलले आहे. ते नीट समजून घेतले तर बरेच नुकसान टळेल.

धरणाच्या वरच्या बाजूला जलाशय भरलेला असतो तेव्हा नदीला मिळणाऱ्या नाल्यांची तोंडे पाण्याखाली असतात. जोराचा पाऊस झाला की नाल्याचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते. अशा नाल्यांवर जेथे उंच पूल नसून नुसता रपटा आहे, तेथे पाणी चढायला वेळ लागत नाही आणि उतरायला मात्र लागतो. पूर्वी सकाळी बंद झालेला रपटा संध्याकाळी मोकळा होईल, असा ठोकताळा जुनी माणसे सांगत. त्यावर आता विसंबू नये.

धरणाच्या खालच्या बाजूला, म्हणजे पवनी व लाखांदूरकडे, प्रकार उलटा आहे. तेथे नदीची पातळी स्थानिक पावसापेक्षा धरणाचे किती दरवाजे किती उघडले यावर अवलंबून असते. वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यातून येते. तिकडे दोन दिवस पाऊस कोसळला की पवनीत ऊन पडलेले असतानाही नदी चढू शकते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस हेच झाले. मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून पाणी सोडले गेले, भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले, गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि खाली ब्रह्मपुरी व गडचिरोलीपर्यंत पुराने हाहाकार केला. ज्यांचा माल तळमजल्याच्या गोदामात होता त्यांना तो आठवडा विसरता येणार नाही.

म्हणून जून ते ऑक्टोबर या काळात खेप काढण्यापूर्वी दोन आकडे विचारून घ्यावेत. पहिला, कारधा येथे वैनगंगेची पातळी किती. तेथे धोक्याची पातळी २४५.५० मीटर मानली जाते आणि पाणी चढले की कारध्याचा जुना लहान पूल वाहतुकीस बंद होतो. दुसरा, गोसीखुर्दचे किती दरवाजे उघडे आहेत. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात हे दोन्ही आकडे जाहीर करते. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी वाचण्यापेक्षा सकाळी फोनवर विचारलेले बरे.

रेल्वे आणि एस.टी.

या भागाची जुनी सोबतीण म्हणजे नागपूर–नागभीड ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. कुही, उमरेड, भिवापूर, पवनी रोड अशी स्थानके घेत ती रमतगमत जाई. वेग कमी होता, पण टोपली, गाठोडे, कोंबड्यांचा खुराडा घेऊन जाणाऱ्या गरीब माणसाला तिचे भाडे परवडत असे. साडेपाच फुटी रुंद मार्गात रूपांतर करण्यासाठी ती नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद करण्यात आली. तिच्यावर पोट असलेल्या फेरीवाल्यांचा माल तेव्हापासून रस्त्यावर आला.

रुंद मार्गाचा खरा फायदा वेगापेक्षा दुसराच आहे. छोट्या गाडीतून आलेला माल नागपुरात मोठ्या गाडीत पुन्हा चढवावा लागे. प्रत्येक चढउतारीत हमाली वाढे आणि फूटतूट होई. रूळ एकसारखे झाले की ही मध्यली चढउतार संपते. पण एक सावधगिरी हवी. वेगवान मार्गावर प्रत्येक लहान स्थानकावर गाडी थांबेलच असे नाही. थांबा असलेल्या स्थानकाबाहेरची जागा आणि थांबा नसलेल्या स्थानकाबाहेरची जागा यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. वेळापत्रक पाहिल्याशिवाय कोणी ‘स्टेशनसमोरची जागा’ म्हणून गाळा विकत असेल तर घाई करू नये. भंडारा शहराचे उदाहरण डोळ्यांसमोर आहेच. मुंबई–हावडा मुख्य मार्गावरील त्याचे स्थानक वरठीला आहे, आणि शहरातल्या व्यापाऱ्याला मधल्या अंतराचे भाडे पिढ्यान्‌पिढ्या मोजावे लागले आहे.

एस.टी.चा परिणाम याहून थेट आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला, तेव्हा आठवडी बाजारात गिऱ्हाईक का दिसत नाही हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. त्यानंतर १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत मिळू लागली. आपल्या धंद्यांच्या दृष्टीने ही फार मोठी घटना आहे. बांगड्या, साड्या, शिलाई, भांडी, मुलांचे कपडे यांची खरेदी स्त्रियाच करतात. ज्या बाईला पूर्वी पवनी किंवा भंडाऱ्याला जाणे महाग वाटे ती आता जाते, शेजारणीलाही नेते. परिणाम असा की तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळचे दुकान चालते आणि खेड्यातले दुकान ओस पडते. खेड्यातल्या दुकानदाराने याचा राग बसवर काढून उपयोग नाही. आपला माल कोणता असावा, हे त्याने नव्याने ठरवावे.

कोणता धंदा जवळ, कोणता लांब

जो माल तयार असतो आणि सगळीकडे सारखा मिळतो, त्यासाठी माणूस मोठ्या बाजारात जातो. तयार शर्ट, प्लॅस्टिकच्या चपला, मोबाईलचे कव्हर ही त्याची उदाहरणे. अशा मालात खेड्यातले दुकान शहराशी भावात टिकणार नाही. पण ज्या कामासाठी वस्तू पुन्हा पुन्हा आणावी लागते किंवा कारागिराला घरी यावे लागते, ते काम जवळच्या माणसाकडेच राहते. गादी पिंजून भरणे, ब्लाऊज अंगावर बेतून शिवणे, पंप दुरुस्त करणे, नांगराचे व ट्रॅक्टरच्या अवजारांचे वेल्डिंग, भांड्यांची डागडुजी ही अशी कामे. कालव्याचे पाणी जेथे पोहोचले आहे तेथे पंप, पाइप आणि ट्रॅक्टर यांची दुरुस्ती वाढणारच. मुलाला धंद्याला लावताना बापाने हा भेद ध्यानात घ्यावा.

तिसरा प्रकार हंगामी वर्दळीचा. हा धानाचा मुलूख आहे. धान कापून पैसा हाती येतो, त्याच सुमारास दिवाळी येते आणि भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरू लागते. दंडार, नाटके आणि पाहुण्यांची गर्दी असते. मंडईच्या तारखा गावागणिक वेगळ्या असतात. खेळणी, बांगड्या, मिठाई, कापड विकणाऱ्यांनी आधीच तारखांची यादी करून पुलांच्या हिशेबाने त्यांचा क्रम लावावा. नदीच्या एका काठावरच्या मंडया आधी उरकाव्यात, मग पलीकडच्या. रोज पूल ओलांडत फिरणाऱ्याचा नफा डिझेलमध्ये जातो.

भाड्याचा हिशेब असा करावा

बहुतेक छोटे व्यापारी भाडे विचारताना किलोमीटर पाहतात. खरा हिशेब खेपेचा असतो. समजा, भंडाऱ्याहून पितळी व स्टीलची भांडी घेऊन एक व्यापारी आठवडी बाजाराला जातो. (आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.) छोट्या मालगाडीचे जाण्यायेण्याचे भाडे १,६०० रुपये, हमाली २००, बाजारातील जागा व जेवण १५०, एकूण १,९५०. विक्री ९,००० ची झाली आणि नफा चौथाई धरला तर २,२५०. हाती उरले अवघे ३००.

आता याच व्यापाऱ्याने गादीवाल्याला सोबत घेतले. भांडी जड असतात. गाडीची वजनाची मर्यादा संपते पण अर्धा हौदा मोकळा राहतो. गाद्या हलक्या पण जागा खाणाऱ्या. हौदा भरतो पण वजन होत नाही. दोघांचा माल एकत्र नीट बसतो आणि भाडे प्रत्येकी ८०० पडते. भांडीवाल्याचा खर्च १,१५० झाला व हाती १,१०० उरले. विक्री तेवढीच, भाव तोच, कमाई मात्र तिपटीहून अधिक. परतताना भांडीवाल्याने बदल्यात घेतलेली मोड गाडीत आली तर तीही फेरी फुकट जात नाही.

आता यात पावसाळा मिळवा. वर्षातल्या पन्नास बाजारांपैकी सहा रस्ता बंद झाल्याने बुडाले, तर त्या दिवसांची ६,६०० रुपयांची कमाई गेली. ती टाळता येत नाही. परंतु त्या सहाही दिवशी माल भरून, अर्ध्या वाटेवरून परत यावे लागले तर भाडे आणि हमालीचे प्रत्येकी १,००० प्रमाणे आणखी ६,००० गेले. हे दुसरे नुकसान सकाळच्या एका फोनने टळते.

कायद्याच्याही तीन गोष्टी सांगून ठेवतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एका खेपेतील मालाची किंमत १ लाख रुपयांहून अधिक असेल आणि राज्याबाहेर, उदाहरणार्थ बालाघाटकडे, जाताना ५०,००० हून अधिक असेल, तर जीएसटीचे ई-वे बिल लागते. मर्यादेपेक्षा जादा वजन भरल्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. भांडी व लोखंडवाल्यांनी हे विसरू नये. आणि मालगाडीच्या हौद्यात माणसे बसवू नयेत. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि दोन घरे उद्‌ध्वस्त होतात.

एक तासाची मोजणी

नवे दुकान किंवा गाळा घेण्यापूर्वी आपण जागेचा मालक काय सांगतो ते ऐकतो. त्याऐवजी स्वतः मोजावे. वही घेऊन त्या ठिकाणी चार वेळा एकेक तास बसावे : बाजाराच्या दिवशी सकाळी, साध्या दिवशी सकाळी, साध्या दिवशी संध्याकाळी आणि एकदा पाऊस पडत असताना. वहीत दोन रकाने करावेत. पहिल्यात नुसती निघून जाणारी वाहने, दुसऱ्यात थांबणारी वाहने व उतरणारी माणसे. पहिला रकाना कितीही भरला तरी त्यावर भाळू नये. दुकान दुसऱ्या रकान्यावर चालते. वाहन जेथे आपोआप मंदावते, म्हणजे फाटा, बसथांबा, पुलाचा शेवट किंवा शाळेसमोरचे वळण, तेथे दुसरा रकाना भरतो. मात्र दुकान थाटताना रस्त्याच्या हद्दीत एक फूटही पुढे येऊ नये. महामार्ग रुंद होतो तेव्हा सर्वांत आधी अतिक्रमणे हटतात, आणि वीस वर्षांच्या धंद्याला कागद नसेल तर भरपाई मिळत नाही. भाडेपावती, नगरपरिषदेची किंवा ग्रामपंचायतीची कर पावती, वीज बिल हे सारे आपल्या नावावर आणि जपून ठेवलेले असावे. बुडीत क्षेत्रातील अनेक कुटुंबांना कागदाची किंमत कळली ती पाणी दाराशी आल्यावर.

गोसीखुर्दचे पाणी आता हटणार नाही आणि झालेले पूल मोडणार नाहीत. मणियाराच्या जुन्या पायवाटेवरून आता मासेमारांच्या नावा जातात. ज्यांनी त्या वाटेवर धंदा केला त्यांची मेहनत कमी नव्हती. पण त्यांच्या मुलांना तीच वाट सांगून चालणार नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी दुकान तासभर भावाच्या स्वाधीन करावे, वही-पेन्सिल घेऊन पुलाच्या तोंडाशी बसावे आणि गिऱ्हाईक कोठून येते व कोठे जाते हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. दुकान हलवायचे की माल बदलायचा, याचा निर्णय त्या वहीवरून घ्यावा.